मामाची रांग

आईने साठाव्या वाढदिवशी शहरातल्या सगळ्यात नव्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात शिरून स्वतःची अंडी स्वतः तळली. असं काही घडलेलं नाही. आमच्या घरात तसा ठराव एकमताने पास झालाय. तेव्हा ते सोडा, मी फक्त त्या रविवारी ब्रंचला काय झालं ते सांगतो.

ब्रंच म्हणजे नाश्ता कितीही उशिरा मिळाला तरी भांडायचं नाही.

आईची मागणी एकच होती. "मी बसणार. दुसऱ्या कुणीतरी गरम गरम करून माझ्यासमोर आणून ठेवायचं. आणि मधेच मला मीठ कुठेय म्हणून विचारायचं नाही."

आई, मामा आणि मी अकराला पोचलो. आत छताला उलट्या बादल्या टांगून त्यांत दिवे लावले होते. दारात तीसेक माणसं आणि एक पाटी. जो येईल तो पाटीवर आपलं नाव लिहायचा आणि कोपराने आधीच्याचं पुसायचा.

मामाचा चेहरा अपघात पाहिल्यासारखा झाला. बत्तीस वर्षं तो लायसन्सच्या खिडकीवर बसला होता. तत्त्व एकच, नातेवाइकाचं काम सगळ्यात शेवटी. बाबांचं लायसन्स त्यांनी स्कूटर विकली त्या वर्षी आलं.

"जरा बघून येतो," मामा म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

दहा मिनिटांत कागदाचे नंबर वाटून झाले. एका दाढीवाल्याला तो सांगत होता, "चारपैकी दोनच हजर. अपूर्ण आहे. बाकीचे आले की नवीन नंबर." दाढीवाला चक्क सॉरी म्हणाला. आरडाओरडा का थांबला ते बघायला मॅनेजरबाई बाहेर आल्या, आणि कानातला माइक काढून त्यांनी मामाच्या कानात घातला.

"ताई, तुझा नंबर एकेचाळीस."

"रांगेत तीस माणसं आहेत," आई म्हणाली.

"अजून येतायत ना."

खरंच येत होती, आणि आमच्या पुढे बसत होती. आई माझ्याकडे वळली. "माझ्या लग्नातसुद्धा ह्याने मला शेवटी वाढलं होतं."

"नवरी नातेवाईकच होती, ताई," मामा पाठ न वळवता म्हणाला.

दोनला तीन मिनिटं असताना एकेचाळीस नंबर पुकारला गेला. पुकारताना समोर आम्ही दोघंच होतो, तरी मामाने तीनदा पुकारला. आई खिडकीजवळच्या टेबलावर बसली, पर्स मांडीवर घेतली, हात एकमेकांत गुंफून टेबलावर ठेवले. मेनू वाचून अंडी आणि टोस्ट सांगेपर्यंत दोन वाजले, म्हणजे ब्रंच बंद व्हायची वेळ. शेफने एप्रन खुंटीला अडकवला.

"एकच प्लेट आहे," मी म्हणालो.

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे मामाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वेळेनंतर काम होणार नाही.' शेफ गेला.

मामाने तो कागद बराच वेळ वाचला, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिलाय.

आई उठली. आत जाऊन तिने मॅनेजरबाईंना विचारलं, "मीठ कुठेय?"

पाच मिनिटांनी ती प्लेट घेऊन दारात आली तेव्हा मामाने तिच्या हातून प्लेट काढून घेतली. "तू बस." मग कानातला माइक काढला, प्लेट तिच्यासमोर ठेवली आणि बाजूला उभा राहिला. वाफ येत होती.

आईने घास घेतला. "मीठ कमी आहे. केलंय कुणी?"

"ते ग्राहकाला सांगत नाहीत," मामा म्हणाला.

आईने मान डोलावली आणि सगळं संपवलं. तेव्हापासून ती अंडी दुसऱ्या कुणीतरी केलेली आहेत.

मामा आता शनिवार-रविवार तिथेच असतो. पुढच्या वाढदिवसाला अकरा महिने आहेत, पण आईने अर्ज आजच दिलाय:

'मा. रांगप्रमुख यांस. सदर अर्जदार आपली सख्खी थोरली बहीण आहे. तरी पुढील वाढदिवशी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेपुरतं तिला आपली कुणीही समजण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'