रंगवलेला ओंडका

मी एक ओंडका बोलतोय. गुलमोहराचा. तुम्ही म्हणाल, ओंडक्याला कसलं आयुष्य? झाड उभं होतं तोवर होतं, पडलं की संपलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आमचं झाड महाप्याला रस्त्याच्या कडेला होतं. समोर काचेच्या उंच इमारती, खाली चहाची टपरी आणि रिक्षांची रांग. मे महिन्यात आम्ही लालभडक फुलायचो, लोक मोबाइल वर करून फोटो काढायचे. एका वर्षी मोठं वादळ झालं. गुलमोहराची मुळं तशी उथळच, त्यात चहूबाजूंनी काँक्रीट. झाड आडवं झालं. पालिकेची माणसं आली, त्यांनी मशीनच्या करवतीने तुकडे केले आणि गाडीत भरले. सगळ्यांत जाड तुकडा मी.

गाडी सुटणार तेवढ्यात एक बाई रिक्षातून उतरून लगबगीने आल्या. त्या शकिला टीचर.

"भाऊ, हा एक तुकडा मला द्याल का?"

"जळणाला पाहिजे?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही हो. मुलांसाठी पाहिजे."

"पोरं काय लाकूड खाणार?"

"पोरं नाही खाणार. पण खाणारे येतील."

ड्रायव्हर हसला, पण त्याने मला तळवलीपर्यंत आणून सोडलं.

तिथे एका सोसायटीला लागून पालिकेची छोटीशी बाग आहे. तिचा मागचा कोपरा टीचरांनी मागून घेतला होता. त्या जवळच्याच शाळेत शिकवतात आणि शनिवारी आजूबाजूच्या मुलांना इथे जमवतात. या कोपऱ्यात त्या झाडू मारू देत नाहीत. पालापाचोळा पडेल तसा पडून राहतो. रुईचं झुडूप आहे, कढीपत्ता आहे, जमिनीत पुरलेल्या घमेल्यात पाणी आहे. मला त्यांनी सावलीत आडवं ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "आता याला कोणी हलवायचं नाही. वाट बघायची."

वाट बघणं मुलांना कुठलं जमतंय! दुसऱ्याच शनिवारी उसामा माझ्यावर पाय ठेवून उभा. "टीचर, अजून काहीच आलं नाही. ऑर्डर कॅन्सल झाली वाटतं."

पण येणारे आले. आधी मुंग्या आल्या. एका पावसाळ्यात अंगावर कानाच्या पाळीसारख्या अळंब्या उगवल्या. साल सैल झाली, तिच्याखाली भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या मला आतून कुरतडू लागल्या. मला दुखलं का? नाही. रिकाम्या घरात माणसं राहायला यावीत, तसं वाटलं. मग पैसा किडे आले. हात लावला की गुंडाळी करून नाण्यासारखे पडून राहणारे. एक सापसुरळी तर कायमची मुक्कामाला आली.

या मुलांचं मला नवल वाटायचं. लिफ्टचं बटण, टीव्हीचा रिमोट, कशालाही हात लावतील, पण मातीला लावायचा म्हटलं की बोटं आखडतात. सगळ्यांत भित्री सुनयना. पहिले काही शनिवार ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती. टीचरांनी तिला एकदाही खाली बोलावलं नाही. तिच्या शेजारी बसून त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या म्हसळ्याला घराच्या मागेच रान. मी लहानपणी बेडकालाही घाबरायचे. अजूनही थोडी घाबरते, पण कुणाला सांगू नकोस."

सुनयनाने ते सगळ्यांना सांगितलं. आणि मग एके दिवशी ती खाली उतरली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने तळहातावर पैसा किडा घेतला. त्याचे पाय चालताना लाटेसारखे हलतात, ते तिने नाक लावून पाहिलं. "गुदगुल्या होतात," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने मला आपलंच मानलं.

पण कोपऱ्यावर सगळेच खूश नव्हते. सोसायटीतल्या हरेशभाईंना तिथे पेव्हर ब्लॉक आणि व्यायामाची मशीनं हवी होती. "कचरा ठेवलाय नुसता. उद्या साप निघाला तर जबाबदारी कोणाची?" असं ते म्हणायचे. शेवटी ठरलं, की उद्यान विभागाचे साहेब रविवारी येऊन बघतील आणि सांगतील, कोपरा ठेवायचा की काढायचा. काढला तर मी कुठे जाणार, ते मला माहीत होतं. पण मुलं कुठे जाणार?

टीचरांनी प्रत्येकाला एकेक काम दिलं. कोणी रुईवरच्या अळ्या दाखवायच्या, कोणी पाण्यातले किडे. सुनयना म्हणाली, "ओंडका मी दाखवणार."

तिने हे घरी जाऊन सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला.

तिचे आजोबा ज्योतिबा मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात त्यांनी आयुष्यभर पोती वाहिली. नातीवर भारी जीव. गावाकडे पाहुणा येणार म्हटलं की घराला रंगाचा हात फिरवायचा, अंगण झाडायचं, ही त्यांची रीत. शनिवारी सकाळी ते खराटा आणि रंगाचे डबे घेऊन हजर झाले. पालापाचोळा गोळा करून काळ्या पिशव्यांत भरला. अळंब्या खरवडून काढल्या. सैल साल ओढून टाकली. मग माझ्या अंगभर तांबडा ऑइल पेंट दिला, दोन्ही टोकांना पांढरे पट्टे ओढले आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्वच्छ बाग, सुंदर बाग'. मुंग्यांची पावडरही मारणार होते. दुकान बंद होतं, हे आमचं नशीब.

माझा श्वास कोंडला. अंगाखांद्यावरचे सगळे वाट फुटेल तिकडे पळाले.

संध्याकाळी मुलं तयारीला आली आणि दारातच थबकली.

"आबा! हे काय केलंस?" सुनयना ओरडली.

"काय केलं म्हंजी?" ज्योतिबांच्या हातात अजून ब्रश होता. "मोठा सायेब येनार. माझी नात त्याच्याम्होरं बोलनार. ती काय ह्या कुजक्या लाकडापाशी हुबी राहनार व्हय?"

"कुजकं होतं म्हणूनच तर चांगलं होतं!"

ज्योतिबांना काही उमगेना. त्यांनी टीचरांकडे पाहिलं. टीचर रिकाम्या जमिनीकडे बघत होत्या.

"काका, तुम्ही खूप मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या. "पण यात राहणारे होते ना, ते गेले."

"राहनारे? कोन राहत हुतं?"

सुनयना रडत घरी पळाली. ज्योतिबा तिच्या मागे गेले, ब्रश तसाच हातात. उरलेल्या मुलांना टीचर म्हणाल्या, "उद्या आबांचं नाव कोणी घ्यायचं नाही. त्यांनी आपल्यासाठीच केलंय. सुनयनालाही सांगा."

"मग खोटं बोलायचं?" उसामाने विचारलं.

"खोटं नाही. आहे तेवढं दाखवायचं."

रविवारी साहेब आले. "वा, एकदम टापटीप आहे की!" म्हणाले. साफसफाईतून रुईवर एकदोन अळ्या उरल्या होत्या, त्या पाहिल्या. मग माझ्यासमोर आले. "बेटा, तू काय दाखवणार?"

सुनयनाचे डोळे सुजलेले. तिने माझ्या अंगावर बोट टेकवलं. बोटाला तांबडा रंग लागला. "सर, हा ओंडका... याच्यात..."

"मी म्हटलं होतं ना साहेब," हरेशभाई हळूच म्हणाले, "बघण्यासारखं काही नाही इथे."

तेव्हा मागे उभे असलेले ज्योतिबा पुढे आले. "सायेब, पोरीची चूक न्हाई. रंग म्या दिलाय. काल सकाळपर्यंत ह्यात लई काय काय हुतं म्हनं. रातच्याला जेवली न्हाई माझी नात." ते माझ्याकडे बघत राहिले. "पर म्या वरनंच दिला. खालचं कोन बघतंय, म्हनून खालनं सोडलं."

त्यांनी चपला काढल्या. खाली वाकून दोन्ही हात माझ्या पोटाखाली घातले. पोती उचलणारी ती पाठ अजून शाबूत होती. मी कलंडलो आणि मधोमध कडाकन मोडलो.

पण माझ्याखाली सगळे होते. पळालेले सगळे तिथेच येऊन दाटीवाटीने बसले होते. गुंडाळी झालेले पैसे, लाल मुंग्यांची पांढरी अंडी, गांडुळं, ओल्या मातीत पसरलेले बुरशीचे दोरे आणि एका खळग्यात सापसुरळी. ती सळकन सरकली आणि साहेबांनी हरेशभाईंचा दंड धरला.

"साप! साप!" साहेब ओरडले.

"नाही सर, सापसुरळी," सुनयना म्हणाली. तिचा आवाज आता एकदम खणखणीत. "तिला पाय आहेत, बघा. चावत नाही. तुमचा बूट जरा मागे घ्या, गांडूळ चिरडेल."

साहेबांनी बूट मागे घेतला. "आणि हे नाण्यासारखं काय?"

"हात पुढे करा."

साहेबांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, पँट वर ओढून ते उकिडवे बसले आणि त्यांनी हात पुढे केला. बराच वेळ ते उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्याला माती होती.

"हा कोपरा यंदा आहे तसाच राहू द्या," ते हरेशभाईंना म्हणाले. "पुढचं पुढच्या वर्षी बघू." मग ज्योतिबांकडे वळले. "आणि आजोबा, रंग..."

"न्हाई द्येत सायेब. डबा बी फेकून दिला."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. माझे दोन तुकडे झालेत. रंगाचे पापुद्रे मुलं नखांनी काढतात, 'सुंदर' हा शब्द तेवढा अजून शिल्लक आहे. मोडल्या जागेतून पाणी आत शिरतं, त्यामुळे मी झपाट्याने भुसभुशीत होतोय. दर शनिवारी माझी थोडी माती होते, आणि कुठवर मी लाकूड आणि कुठून माती, हे माझं मलाच सांगता येत नाही. भीती वाटत नाही. झाड म्हणून मी नुसता उभा होतो, ओंडका म्हणून मात्र माझ्याकडे बरीच ये-जा झाली.

तुमच्या आवारात एखादं झाड पडलं, तर त्याचा एखादा तुकडा कोपऱ्यात ठेवा. त्याला सजवू नका, नुसता पडू द्या. आणि कधी इकडे आलात, ओंडका कुठे दिसला नाही, तर सुनयनाला विचारा. ती तुम्हाला खाली बघायला सांगेल. आणि आधी जरा बाजूला उभं राहायला सांगेल.