निरोगी नमुना क्रमांक एक

"ह्या सह्या तुमच्याच ना, काका?"

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि वही डोळ्यांजवळ नेली. "माझ्याच."

"आईच्या कामावर काट, आणि खाली तुमची सही. पानोपान. अशा तीन वह्या."

आई गेल्यानंतर तिची प्रयोगशाळेतली खोली त्या दिवशी रिकामी करायची होती. तिच्या सगळ्या वह्या संस्थेच्या हवाली करण्याच्या कागदावर माझी सही हवी होती. ती मी अडवून धरली होती. आईनं वीस वर्षं जन्मजात रक्तदोषाच्या मुलांसाठी काम केलं. ज्यांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, त्यांच्याच पेशी काढायच्या, बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं आणि त्या परत शरीरात सोडायच्या. आता तो उपचार सुरू झाला होता, आणि त्याच्या शोधनिबंधावर पहिलं नाव तिच्या सहकाऱ्याचं, या काकांचं होतं. आईचं तिसरं. तिच्या हाताखाली शिकलेला माणूस वर, शिकवणारी खाली.

"हे कसं झालं, काका?"

"लहानपणी बरी होतीस," काका म्हणाले. "सुई टोचली की रडायचीस, पण प्रश्न विचारायची नाहीस."

"विषय बदलू नका. तुम्ही तिला मागं सारलंत."

त्यांनी खुर्ची पुढे केली. "बस. पहिलं पान वाच. आमच्याकडे खोडायचं नसतं. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. कारण लिहायचं, साक्षीदाराची सही घ्यायची. मी साक्षीदार. रेघा मॅडमच्या हातच्या."

रेघा पट्टीनं मारलेल्या. पट्टीच्या रेघेवरून हात थोडाच ओळखू येतो! पण कारण आईच्याच अक्षरात होतं: 'तुलनेसाठीचा निरोगी नमुना क्र. १ निरोगी नाही. नव्या यंत्रावर जनुकात दोष दिसला. तीन वर्षांचे निष्कर्ष रद्द.'

"कुणाचं रक्त होतं हे?"

"नावं लिहीत नाही आम्ही."

मी तारखा बघत गेले. दर सोमवारी नवा नमुना. मधे तीन सोमवार कोरे, आणि आईचा शेरा: 'कावीळ. घेतला नाही.'

त्याच सुमाराला, शाळेच्या शेवटच्या वर्षी, मला कावीळ झाली होती.

सोमवारी सकाळी आई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी माझ्या दंडाला पट्टा बांधायची. "इतकं ठणठणीत रक्त मला दुसरीकडे कुठे मिळणार!" मग कापूस ठेवून हात दुमडायला लावायची. "दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हं."

"नेहमीच्या तपासणीत दिसत नाही ते," काका हळू आवाजात म्हणाले. "तुला काही होणार नाही त्यानं. पण नवऱ्याच्याही रक्तात तसंच काही निघालं असतं, तर मुलाला…"

माझं लग्न ठरल्यावर आईनं माझ्या होणाऱ्या नवऱ्याला जेवायला बोलावलं आणि पानं वाढण्याआधी त्याचं रक्त काढून घेतलं. "तुमच्याकडे जावई आधी गाळून घेतात," असं तो अजून म्हणतो. मी मात्र आईशी महिनाभर अबोला धरला. "तुझा त्याच्यावर विश्वास नाही," म्हणाले होते. तेव्हा ती एवढंच बोलली, "माझा कुणाच्याच रक्तावर विश्वास राहिला नाही."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"मी म्हटलं होतं, सांगा. तर म्हणाल्या, 'तिला वाटेल तिच्यामुळे माझं काम बुडालं. चूक माझी आहे. परक्याचं रक्त दहादा तपासलं असतं. घरचं म्हणून एकदाच बघितलं.' पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली त्यांनी. शेवटी तब्येतीनं साथ दिली नाही, उरलेलं मी पुरं केलं. नावांचा क्रमही त्यांनीच लावला. मी भांडलो. पण तुझ्या आईशी भांडून आजवर कोण जिंकलंय?"

हेही कशावरून खरं, असं मनात आलंच. मी पुन्हा तो काविळीचा शेरा पाहिला. अक्षर आईचंच होतं.

मी कागदावर सही केली. काकांनी त्या तीन वह्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवल्या, चिकटपट्टी लावली आणि खोकं बाहेर नेलं.

माझ्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा डाग आहे. त्यावर मी अंगठा ठेवला, हात दुमडला आणि घट्ट दाबून धरला.

"निघायचं?" काकांनी दारातून विचारलं.

"थोडं थांबा," मी म्हणाले. हात अजून दुमडलेलाच होता.