सोवनी मास्तरांचे एक विशेषण

सोवनी मास्तर वर्गात शिरण्याआधी त्यांचे बोट शिरत असे. दाराची चौकट, बाकाची कड, खडूचा डबा, जे हाताशी येईल त्यावरून ते उजवी तर्जनी सावकाश फिरवीत, आणि हिवाळ्यातल्या त्या निळसर, धुकट प्रभाती जीभ टाळूला लावून असा काही 'च्च' काढीत की, अवघ्या जुन्नर गावाने पारोशा अंगाने त्यांना शिवले आहे असे वाटावे. मग एकच शब्द यायचा. "रफ!"

मास्तर इंग्रजी शिकवीत, मी त्याच शाळेत मराठी. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षे लोटली होती. पण त्यांची एवढी एक वस्तू मास्तरांनी जिवापाड जपली होती. फळ्यावर ते वळणदार अक्षरांत लिहीत : रफ, विशेषण, खरखरीत, खडबडीत, ओबडधोबड. उपयोग सांगायला त्यांना पुस्तक लागत नसे. कुकडीचा काठ रफ, इथली भाकरी रफ, लोकांचे 'व्हतं' नि 'न्हाई' रफ. एकदा भीमाशंकराला गेले, तर शिनोलीच्या पुढे बैलगाडीने त्यांची हाडे खिळखिळी केली. परत आल्यावर महादेवाबद्दल अवाक्षर नाही, रस्त्यावर मात्र तासभर प्रवचन. नाकाने कांदे सोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण एका विशेषणावर उभा जन्म काढणारा हा एकटाच. मला त्यांचा मनस्वी तिटकारा होता. अजूनही आहे.

नदीकाठच्या मोहल्ल्यात दाऊदभाई राहत. पिढीजात कागद करणारे. गिरणीच्या कागदाने तिथले एकेक हौद कोरडे पाडले होते, दाऊदभाईंचा तेवढा ओला होता. चिंध्या नि गोणपाट कुटून केलेल्या लगद्यातून ते चाळणी इतक्या संथपणे वर उचलीत की, पाहणाऱ्याचाही श्वास मंदावे. आणि मग भिंतीवर थापलेले ते ओले ताव माघातल्या कोवळ्या उन्हात हळूहळू पांढरे होत जात. सुकलेला ताव गुळगुळीत दगडाने घोटला की पोथी लिहायला तयार. न घोटलेला खरखरीत राही.

असा एक न घोटलेला ताव पुण्याच्या कुठल्याशा चित्रकलेच्या शाळेने पाहिला आणि दाऊदभाईंना इंग्रजीत पत्र आले. ते घेऊन ते आमच्या शाळेत आले. हे काम मिळाले तर हौद चालू राहणार होता, नाहीतर नारायणगावच्या बाजारात पोती उचलायला जायचे, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकले.

मास्तरांनी पत्र दोन बोटांच्या चिमटीत धरले. "रफ म्हणतात तुमच्या कागदाला. स्पष्ट लिहिलंय. दहा दस्ते हवेत त्यांना, पण हा असला रफ!"

"त्यो ताव घोटलाच नव्हता, मास्तर," दाऊदभाई कानकोंडे होऊन म्हणाले. "आता आरशावानी करून देतो. तुमी वाचलं म्हनून बरं झालं, न्हाईतर आमाला काय कळतंय."

मास्तर प्रसन्न झाले. गावाबद्दलचे त्यांचे मत पुण्याने सही करून पाठवले होते.

महिनाभर दाऊदभाई आणि त्यांची बायको घोटत बसले. शाळेला जाताना मोहल्ल्यावरून तो दगडाचा आवाज ऐकू येई. मऊ, एकसुरी, न थांबणारा. दहा दस्ते पुण्याला गेले, आणि पंधरा दिवसांत गठ्ठा जसाच्या तसा परत आला. सोबतचे पत्र मास्तरांनी वाचले, त्यांचे कान लाल झाले, आणि पत्र हजेरीखाली सरकवून ते तडक बाहेर गेले. मी ते उचलले. पहिले पत्रही तिथेच होते. माझ्या मोडक्या इंग्रजीलाही दोन्ही समजली. पहिल्यात 'पण' कुठेच नव्हता; अगदी असाच रफ कागद पाठवा, असे आर्जवाने लिहिले होते. दुसऱ्यात म्हटले होते : खरखरीत कागदावर रंग धरतो म्हणून तर तो मागितला, गुळगुळीत आमच्या कामाचा नाही, आम्ही दुसरीकडे सांगितले आहे. ज्या शब्दावर मास्तरांनी हयात घालवली, तो कौतुकाने वापरता येतो एवढे त्यांना ठाऊक नव्हते.

दुपारी दाऊदभाई आले. मास्तर तेव्हा हंगामी मुख्याध्यापक होते आणि माझी कच्ची नोकरी त्यांच्या एका शेऱ्यावर अवलंबून होती. दाऊदभाईंच्या डोळ्याला डोळा न देता मास्तर म्हणाले, "घोटाई कमी पडली म्हणतात."

"कमी पडली व्हय?" दाऊदभाईंनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. "लई दाबून घोटला व्हता ओ. हात गेला म्हनायचा माझा." आणि आम्हा दोघांना नमस्कार करून ते निघून गेले.

मी खिडकीपाशी मूग गिळून उभा होतो.

उन्हाळा लागता लागता त्यांनी हौद उपसला आणि नारायणगावला पोती उचलायला गेले. मास्तर यथाकाल निवृत्त होऊन आपल्या मूळ गावी, पुण्याला परतले. त्यांच्यावर आणखी शब्द खर्चायची माझी इच्छा नाही. दाऊदभाई त्यानंतर दोनदा बाजारात भेटले. दोन्ही वेळा त्यांनी शाळेची ख्यालीखुशाली विचारली आणि दोन्ही वेळा मी पावसापाण्याचे बोललो. काळ सगळे पुसून टाकतो म्हणतात, पण आपला हात कमी पडला हे दाऊदभाईंनी मरेपर्यंत लक्षात ठेवले. ते खोटे होते, हे सांगू शकणारा मास्तरांखेरीज मी एकटा होतो, आणि आता ऐकायला दाऊदभाई नाहीत.