बुडखे छाटलेले खांब

पतसंस्थेच्या वार्षिक सभेचा फ्लेक्स छापायला जायचा होता, आणि अंकिता सकाळपासून एकाच ग्राफवर मान मोडून बसली होती. चेअरमन इंद्रजीतसाहेबांना तो पसंतच पडेना.

"पाच वर्षांच्या ठेवी, आणि पाची खांब सारखेच? वाढ कुठं दिसतीय?"

"साहेब, वाढ थोडीच झालीय की."

"म्हणून मिरवायची नाही? बुडखे छाट त्यांचे. आकडे खरेच ठेव."

पगार त्यांच्याच सहीनं व्हायचा. अंकितानं बुडखे छाटले. मोजणी शून्याऐवजी नव्वद लाखांपासून सुरू झाली, आणि शेवटचा खांब पहिल्याच्या चौपट उंच झाला.

सभेत तो फ्लेक्स बघून तिची आई मीनाबाई हसतच घरी आली. एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालण्यात तिचा जन्म गेला होता. पुढच्या महिन्यात ती कामावरनं सुटणार होती. मिळणारा फंड पोस्टात ठेवायचा, असं ठरलं होतं.

"पोस्ट ऱ्हाऊ दे. फंड तुझ्या संस्थेतच टाकते. केवढी थप्पी लागलीय गं!"

"आई, थप्पी न्हाय ती. ग्राफ हाय."

"मला शिकवतीस व्हय? थप्पी बघून माल सांगते मी. जमिनीवरनंच लागते की ती!"

वाद घालायचं त्राण अंकितात नव्हतं. तिनं घरातल्या टॉवेलांच्या दोन थप्प्या ट्रंकेमागं लावल्या. एकीचा एकच टॉवेल वर दिसत होता, दुसरीचे दोन.

"कुठली मोठी?"

"ही. दुप्पट हाय."

अंकितानं ट्रंक ओढली. थप्प्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. मीनाबाईचं हसू मावळलं.

"म्हंजे आकडे खोटे हुते?"

"न्हाय. खाली बारीक अक्षरात खरेच लिहिलेत."

"बारीक कोण वाचतंय? कुणी केलं हे?"

"मीच."

मीनाबाई भिंतीला टेकून बसली.

"लेकीनं काढलंय म्हणून छाती फुगवून कारखान्यातल्या सगळ्या बायांना सांगितलं मी. चंद्रव्वा तर उद्या पोस्टातली ठेव मोडून तुमच्यात टाकणार हाय."

"आई, मी तोंड उघडलं तर नोकरी जाईल."

"जाईल की." मीनाबाईनं उसासा टाकला. "सकाळी आधी चंद्रव्वाकडं जाऊ. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात ये, बाकीच्या बायांना बी थप्प्या लावून दाव. टॉवेल तितं लई हायेत."