पाण्याचं भाडं

पाण्यालाही ट्रकभाडं पडतं.
उपाशी शेळ्या, तीन.
सोमवारी जेसीबी.
अठरा.

कुहीजवळचं पडीक रान, त्यात सुबाभूळ. तोडून कळमेश्वरच्या कारखान्याला द्यायची; तिथं भुसा करून बॉयलरसाठी जळणाच्या कांड्या पाडतात. गेल्या साली अर्धी तोडली. ओली, जड, तीन ट्रक. ओलाव्यापायी भाव पडला. उरलं ते भाड्यात अन् मजुरीत गेलं.

"तुझ्या झाडांत यंदाही काही उरलं नाही, तर माल गेला का सोमवारी बुडखे उपटतो अन् धान लावतो," चंद्रभान बायकोला, प्रेमिलाला म्हणाला. जेसीबी सांगूनही ठेवला.

उरलेली झाडं पडली. मजूर पाला ओरबाडायला धावले. पाला शेळ्यांचा, ही रीतच. प्रेमिला आडवी आली. "हात नोको लावू कोणी."

"काहून वं? शेळ्या काय खातील?" चंद्रभान.

"पानं खोडातलं पाणी ओढून राहिले. वादळात पडलेलं झाड आठवते? पाल्यासकट वाळलं. एका हातानं उचललं मी."

"वजन घटवून विकतं? वा वं वा! सेठ झाली बाई!"

"पाणी लादून कळमेश्वरले नेता, त्याचं भाडं कोण देते?"

तीन आठवडे. झाडं पाल्यासकट उन्हात. शेळ्या शेजारच्या बांधावर, शेजाऱ्याच्या शिव्या घरात. सारा गाव हसला.

शनिवारी माल दोनच ट्रकांत मावला. चंद्रभानचं तोंड पडलं.

कारखान्यात ओलावा तपासणाऱ्या हिमानीनं लाकडात मीटरची सुई खुपसली.

"अठरा."

"म्हणजे गेलो का, मॅडम?" चंद्रभान.

"ओलावा वीस टक्क्यांच्या आत आहे, काका. पूर्ण भाव."

"आणखी एकदा खुपसा ना."

पुन्हा अठरा. दुसऱ्या ट्रकात सतरा! भाडं, मजुरी जाऊन हातात एकतीस हजार. गेल्या साली तितक्याच झाडांचं हातात काहीच नाही. अन् गेल्या सालचे बुडखे कमरेएवढे फुटलेले. पुढच्या तोडीला ना रोपं, ना खड्डे.

चंद्रभाननं तिथूनच फोन लावला. "जेसीबी नोको आणू गा. काहून म्हणजे? माझी झाडं फुटून राहिले!"

"कोणाची?" प्रेमिला.

तो कान खाजवत हसला.

परतताना तिनं शेळ्यांसाठी ढेपेचं पोतं घेतलं, केबिनमध्ये ऐटीत बसली अन् ड्रायव्हरला म्हणाली, "गाव आलं का हॉर्नवरचा हात काढू नोको, भाऊ. पार घरापर्यंत."

तशी सुबाभळीची पहिली रोपं चंद्रभाननंच सायकलवर आणली होती, चार खेपांत.