तिसरा बंद आहे

कवळीकाकांना गाडी चालवता येत नसे. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी, कारण निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी तीन मेलेल्या मोटारी अंगणात आणून जिवंत केल्या होत्या, आणि लोकांचा उगीच गैरसमज होतो. पोहता न येणारा माणूस उत्तम नाव बांधू शकतो. फक्त त्याने नावेत कोणाला तरी बसवावं लागतं.

ते कोणाला तरी म्हणजे त्यांची बायको.

काकांनी पस्तीस वर्षं दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या घडवल्या. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या दातांनी हसत. या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या : केसभर फरक ओळखणारी बोटं आणि घासायच्या यंत्राने खाल्लेले कान. दार आपटलं, ट्रक गेला, मेहुणा घोरला, एवढं ऐकू येई. त्याहून बारीक आवाज कानाच्या पायरीवरूनच परत जात.

बायकोचं बरोबर उलट. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. पलीकडच्याने नुसता श्वास घेतला तरी हा माणूस आता ओरडणार की रडणार, हे तिला कळे. ग्रीस तिला बघवत नसे, पण इंजिन ऐकायला आवडे. त्यामुळे रीत अशी पडली होती, की काका बॉनेटखाली आणि बाई स्टिअरिंगमागे. काका ओरडायचे, "मार!" ती चावी मारायची, डोळे मिटून पाच सेकंद ऐकायची आणि निकाल द्यायची, "तिसरा बंद आहे." चार सिलिंडरांपैकी तिसरा काम करत नाही, असा त्याचा अर्थ.

मग काका तिसरा प्लग काढून बघत. तो ठणठणीत असे. म्हणून ते शेजारचा काढत, आणि दोष नेमका तिथे सापडे. बायकोचा कान सोन्याचा आहे, पण घर मोजताना चुकतो, असं काकांचं नऊ वर्षांचं मत होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. संसारात काही मतं तोंडात ठेवूनच जेवावं लागतं. तिला वाटे, आपण सांगितलं तिथेच यांना सापडलं. दोघंही समाधानी होती.

चौथी गाडी धोब्याच्या मागच्या पडवीतून आली. रंग शिळ्या चहाचा, मागच्या सीटवर कोंबड्यांचा तीन पिढ्यांचा संसार. बाईंनी नाकाला पदर लावून दार उघडलं, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही चालली ना, की मी हिला घाटापर्यंत नेणार. तुम्ही शेजारी बसायचं आणि ब्रेक ब्रेक असं ओरडायचं नाही."

"मी कधी ओरडतो?"

"रिक्षातसुद्धा ओरडता."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी इंजिनवरच्या, प्लगांना ठिणगी पोचवणाऱ्या चारही तारा उतरवल्या. काकांचे हात काळे, म्हणून चिकटपट्टीच्या तुकड्यांवर एक ते चार आकडे बाईंनी टपोऱ्या अक्षरांत लिहिले आणि तारांना चिकटवले. मग त्या चहा टाकायला आत गेल्या. काका गंज लागलेला पत्रा घासायला यंत्र घेऊन बसले.

चाळीस मिनिटं घासत होते. चहा का आला नाही, हे बघायला आत गेले, तेव्हा ती ओट्याखाली पडलेली होती आणि दूध उतू जाऊन गॅस विझला होता.

तिने हाक मारली होती का, हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती, कारण त्या दिवसापासून ती बोललीच नाही. उजवं अंग लुळं, डावं ठीक. डॉक्टर म्हणाले, "जीभ जरा जड झाली आहे, पण बोलता येईल. त्यांनी मनावर घेतलं पाहिजे." तिने मनावर घेतलं ते एवढंच, की भिंतीकडे तोंड करून पडायचं. पाच महिने ती भिंत बघत होती. इतकं निरखून तिने नवऱ्यालाही कधी पाहिलं नसेल.

सोमवारी लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात मुख्याध्यापिका होती आणि सूचना देताना समोर दोनशे मुलं उभी आहेत असं बोलत असे. काकांना तिचा फोन नीट ऐकू येई, हा त्याचा फायदा.

"बाबा, जागा मिळाली. माझ्या घराजवळच आहे. नर्स आहे, व्यायाम घेणारी बाई आहे. रविवारी नऊ वाजता गाडी घेऊन येते. आईची बॅग भरून ठेवा."

"इथे काय वाईट आहे?"

"तुम्हाला ऐकू येत नाही, बाबा." हे ती जरा हळू म्हणाली, म्हणजे वर्गातल्या एका मुलाशी बोलावं तसं. "उद्या तिने हाक मारली तर?"

"ती मारतच नाही हाक."

"तेच तर म्हणतेय मी."

काकांनी फोन ठेवला, माळ्यावरून बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि ती तशीच रिकामी खुर्चीवर ठेवून ते अंगणात गेले. गाडीवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब होता आणि तो शहाण्या माणसाला सांगण्यासारखा नव्हता : ही गाडी रविवारच्या आत सुरू झाली, तर बायको कूस बदलेल.

पलंग त्यांनी ओढत ओढत अंगणाच्या खिडकीशी आणला. ती भिंतीकडे वळली होती, आता खिडकीकडे पाठ झाली. फरक काही पडला नाही. काकांना मात्र जरा सोबत वाटली.

मंगळवारी त्यांनी तारा बघितल्या. उंदरांनी कुरतडल्या होत्या. नव्या कापल्या, कवळीच्या कामातली शिस्त म्हणून चारही अगदी सारख्या लांबीच्या. बायकोच्या हातच्या चिकटपट्ट्या जपून सोडवल्या आणि नव्या तारांवर चिकटवल्या. एक नंबरची तार एकला, दोनची दोनला. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच होतं, की पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा.

मग स्टिअरिंगमागे बसून चावी मारली आणि कान नाहीत तर निदान डोळ्यांनी बघावं म्हणून बॉनेटकडे पळाले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गाडीला अर्धी प्रदक्षिणा धावत घालणं हा व्यायाम कोणी सुचवलेला नाही. इंजिन घरघरलं, कार्ब्युरेटरमधून भुस्सकन धूर थुंकलं आणि गप्प झालं.

बुधवारी त्यांनी कार्ब्युरेटर सोडवला आणि दाताच्या आरशाने त्याचं भोक न् भोक तपासलं. भुस्स. गुरुवारी शेजारचे ग्रंथपाल मदतीला आले. त्यांचे कान उत्तम होते. पण आयुष्यभर ग्रंथालयात काढल्याने ते कुजबुजण्यापलीकडे आवाज चढवत नसत.

"काय ऐकू आलं?" काका बॉनेटखालून ओरडले.

ग्रंथपालांनी ओठ हलवले.

"मोठ्याने सांगा हो! इथे कोणी वाचत बसलेलं नाही!"

ग्रंथपाल उतरून आले, काकांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "खोकल्यासारखं."

"खोकल्यासारखं काय?"

"तेवढंच. गाडीला खोकला आहे." मग खिडकीकडे बघत ते आणखी हळू म्हणाले, "वहिनींना घेऊन जाणार म्हणे?"

हे मात्र काकांना ऐकू आलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिऱ्या माणसाला एवढी तरी चैन असावी.

शुक्रवारी पेट्रोल बदललं, बॅटरी बदलली. शनिवारी सगळं पुन्हा सोडवून पुन्हा जोडलं. हातांची सालं निघाली. अधूनमधून ते खिडकीपाशी येऊन पाठीला हकिगत सांगत. "पेट्रोल येतंय गं. ठिणगी पडतेय. हवा जातेय. सगळं जिथल्या तिथे आहे आणि ही बया पेटत नाही. काय राहिलं? तूच सांग." पाठ काही सांगत नसे. संध्याकाळी ते तिथेच, खिडकीचे गज धरून उभे राहिले. त्यांनी हळूच, म्हणजे त्यांना हळू वाटेल इतक्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी हाक मारली होतीस का?"

पाठीवरचा पदर जरा हलला. वारा असेल.

रविवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना लेक आली. बरोबर पांढरी व्हॅन, व्हॅनमधून एक सेवक आणि चाकाची खुर्ची. लेकीने आत येऊन आईच्या कपाळावर हात फिरवला, रिकामी बॅग पाहिली, खिडकीतून अंगणातले वडील पाहिले. सदरा कोपरापर्यंत काळा, आणि सकाळी उलटा घातलेला.

"बाबा, तुम्ही बॅगसुद्धा भरली नाहीत?"

"दहा मिनिटं दे."

"बॅग मी भरते. तुम्ही हात धुवा."

"बॅगेला नाही, गाडीला. दहा मिनिटं. तू चावी मार, मी इथे बघतो. एकटा पडतो गं मी, दोन्हीकडे कसा पुरणार?"

"बाबा, गाडीने काय होणार आहे?"

काकांना उत्तर ठाऊक होतं, पण ते मुख्याध्यापिकेला देण्यासारखं नव्हतं. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. स्वतःचे दात असूनही त्यांना ती आवरेना.

लेकीने सेवकाला थांबायची खूण केली आणि अंगणात आली. कोंबड्यांच्या सीटला टेकायचं नाही अशा बेताने ती पुढे बसली. चावी मारली. घरघर, भुस्स. पुन्हा मारली. भुस्स.

"झालं?"

"थांब. थांब, हे बघ." काका बॉनेटवर वाकले आणि एकेका तारेवर बोट ठेवत मोठ्यामोठ्याने सांगायला लागले. समोर कोणी ऐकतंय की नाही याचीही त्यांना शुद्ध नव्हती. "तारा नव्या. आकडे तुझ्या आईने लिहिलेले, ते चुकायचे नाहीत. हा एक, रेडिएटरकडचा. मग दोन, मग तीन. हा चार, सगळ्यात मागचा. एकची तार एकला, चारची चारला. कुठे चुकलं माझं? सांग ना, कुठे चुकलं!"

लेक उतरली आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "चला बाबा. आईला निरोप द्या." सेवक खुर्ची घेऊन आत गेला होता. काकांनी बॉनेट मिटायला हात वर केला.

तेवढ्यात लेकीची बोटं त्यांच्या दंडात रुतली.

"आई बोलली."

"काय?"

"बाबा, आई बोलली!"

दोघं खिडकीशी धावले. सेवक हातात चादर घेऊन बावचळून उभा होता. बाई कुशीवर वळल्या होत्या, खिडकीकडे. डावा हात गजांपर्यंत पोचला होता. चेहरा रागाने लाल झाला होता. पाच महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही आलं असेल तर ते हेच. ओठ वाकडे होत पुन्हा हलले. काकांना काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणते? मोठ्याने सांग!"

लेकीने गजांना कान लावला. "'एक...' म्हणतेय. 'एक... माझ्याकडून.' म्हणजे काय, बाबा?"

काका खिडकीपासून वळले.

मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. स्टिअरिंगकडे पाहिलं, जिथे बसून ती नऊ वर्षं सिलिंडर मोजत होती. तिथे बसलेल्या माणसाला पहिला कोणता? जवळचा. मोजणारा माणूस मोजायला आपल्यापासूनच सुरुवात करतो. पुस्तक लिहिणारा रेडिएटरपुढे उभा होता, एवढाच फरक. तिचा एक म्हणजे पुस्तकाचा चार, तिचा तीन म्हणजे दोन. तिचा कान एकदाही घर चुकला नव्हता. या आठवड्यात मात्र काकांनी चारही ठिणग्या चुकीच्या घरी पाठवल्या होत्या, आणि तेही रोज, न कंटाळता.

"पाच महिने गप्प बसून," काका लेकीला म्हणाले आणि वाक्य अर्धंच टाकून बॉनेटकडे पळाले.

तारा बदलायला तीन मिनिटं लागली. एक आणि चारची अदलाबदल, दोन आणि तीनची अदलाबदल. केसभर फरक ओळखणाऱ्या, पण आठवडाभरात सोललेल्या बोटांना प्लगवरची शेवटची टोपी बसवता येईना. ती लेकीने दाबून बसवली. तिच्या पांढऱ्या बाहीवर काळा पट्टा उमटला. तिने तो पाहिला आणि काही सूचना न करता स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"मार!" काका ओरडले.

इंजिन घरघरलं, खोकललं, आणि मग अंगण हलायला लागलं. मागून कोंबड्यांची पिसं उडाली. एवढा आवाज त्यांनाही ऐकू आला. पण चांगला की वाईट, ते कळेना. ते खिडकीशी गेले. बाईंनी डोळे मिटले होते. पाच सेकंद. काकांनी मनात मोजले, त्यातला एकेक महिनाभराचा होता.

बाईंनी डोळे उघडले आणि डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

"तिसरा बंद आहे!" काका लेकीला म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते काळ्या हातांनी पुसल्यामुळे चेहऱ्याचा नकाशा झाला होता. "कळलं तुला? ती सांगते आणि मला कळतं. ऐकू यायलाच कशाला पाहिजे?"

ती पुन्हा पडली तर ओट्याखालून बोटं दिसत नाहीत, हे मुख्याध्यापिकेच्या जिभेवर आलं असणार. दारातून सेवकाने विचारलं, "ताई, खुर्ची लावू का? साडेनऊ झाले."

लेक स्टिअरिंगमागे तशीच बसून होती. तिने आईच्या तीन बोटांकडे पाहिलं. ती अजून वरच होती, कापत होती, पण खाली येत नव्हती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तिसरा बंद आहे."

काका पान्हा घेऊन बॉनेटकडे निघाले. दोन पावलं गेले, थबकले आणि वळून खिडकीशी परत आले. नऊ वर्षांत जे विचारायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी गजांशी तोंड नेऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

"तुझ्याकडून, की माझ्याकडून?"