आरोहीचं रक्त

"हाय का न्हाय, येवढंच सांगा की, मॅडम!" सोनालीचा धीर शेवटी सुटलाच.

दीड वर्ष ती धाकट्या आरोहीला घेऊन वळसंगहून सोलापूरला येत होती. थोरल्या अपेक्षाला लहानपणीच इन्सुलिनवाला मधुमेह झालेला. अशा मुलांच्या भावंडांच्या रक्तातली प्रथिनं आजाराआधी कशी बदलत जातात, याचा अभ्यास त्या दवाखान्यात चालला होता. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. आरोहीची शीर कधी धड सापडायची नाही. आजही दोनदा टोचलं, तेव्हा कुठं नळी भरली.

डॉक्टर हेमावतींनी पुन्हा समजावलं. "आजार अजून नाही. साखर ठीक आहे. पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर तिचं शरीरच हल्ला करतंय, त्याच्या खुणा मागच्या रक्तात दिसल्या. बाकीची काही प्रथिनंही बदलायला लागलीत."

"मग हुनार कधी?"

"ते नाही सांगता येत. सहा महिने, सहा वर्षं..."

"मग येवढं रक्त घिऊन करता काय तुमी?"

"तेच शोधतोय. आधी सांगता यावं म्हणून."

"आन् तवर माझ्या पोरीनं टोचून घ्यायचं व्हय!" सोनालीनं आरोहीचा हात धरला आणि तडक एसटी स्टँड गाठलं.

घरी नवरा जोतिराम म्हणाला, "मी म्हनत हुतो, उगं उकरत बसू नगं."

"तुमी कदी आलाय का संगं?" ती त्याच्यावरही उखडली.

पुढची तारीख आली, तशी गेली. दवाखान्याचा फोन तिनं कापला. जेवणाआधी पोटाला सुई लावत बसलेल्या अपेक्षानं ते पाहिलं.

"आई, मला अशक्तपणा आला तवा तू रोज उसाचा रस पाजत हुतीस. श्वास घेता येईना, तवा दवाखाना गाठला. हिचं आधी कळतंय, तर तू फोन कापतीस!"

सोनाली तिच्यावरही खेकसली. पण दुसऱ्या दिवशी ती आरोहीला घेऊन निघाली.

वर्षभरात एका तपासणीत आरोहीची साखर चढलेली सापडली. अॅडमिट करावं लागलं नाही. त्याच दिवशी इन्सुलिन सुरू झालं.

"लवकर सापडलं, बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या.

"बरं कसलं वो!" सोनाली फणकारली. "आन् तुमच्या त्या प्रथिनांचं? कळलं का कायी?"

"थोडं थोडं."

सोनालीनं कपाळावर हात मारला, आणि सुई कशी धरायची ते आरोहीला दाखवू लागली.